समितीत जागा की सल्ल्याची बैठक?

एचआयव्हीसह जगणाऱ्यांना आरोग्य धोरणात सामील करायचंय, पण समितीत कायमची जागा द्यावी की मसुद्यावर बैठक घ्यावी, असं एका मैत्रिणीने विचारलं.

खरा फरक अधिकारात आहे. एड्ससह जगणाऱ्यांनीच अमेरिकेत मांडलेल्या १९८३च्या डेन्व्हर तत्त्वांपासून मागणी आहे ती निर्णयातल्या वाट्याची. बैठकीत म्हणणं नोंदवलं जातं, ठरवतात दुसरेच. पण नुसती खुर्चीही पुरत नाही. यूएनएड्स या संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाच्या नियामक मंडळावर स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी बसतात, त्यांना मताधिकार नाही. एड्स, क्षयरोग आणि मलेरियाविरुद्धच्या कामाला पैसा पुरवणाऱ्या ग्लोबल फंडाच्या मंडळावर या आजारांनी बाधित समुदायांना तो आहे. म्हणून आधी मताचं विचारा.

खर्चात बैठक सोपी. सदस्याला प्रवासखर्च, बुडालेल्या रोजाची भरपाई आणि कागद आधी, त्याच्या भाषेत द्यावे लागतात. चाळीस पानी मसुदा सभेच्या दारातच हातात ठेवला, तर तो माणूस बोलणार काय?

गोपनीयता मात्र बैठकीत जास्त जपता येते. समितीवर नाव छापलं जातं.

पैसा कुठे जाणार हे ठरत असेल, तर मतासह किमान दोन जागा द्या. एकट्यावर सगळ्यांचं ओझं नको. औषध केंद्राची वेळ, रांग असे प्रश्न असतील किंवा ओळख उघड करणं ज्यांना परवडत नाही त्यांचं ऐकायचं असेल, तर बैठकच घ्या.