पदवी, रसास्वाद शिबिर की कॉलेजचा फिल्म क्लब?

‘सिनेमा शिकायचाय’ म्हणणाऱ्याने आधी एक ठरवावं: सिनेमा करायचाय की पाहायला शिकायचंय? करायचा असेल तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची (एफटीआयआय) दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलनाची वाट वेगळी, तिची प्रवेश परीक्षाही वेगळी. इथे बोलतोय ते पाहायला शिकण्याबद्दल.

फिल्म स्टडीजच्या, म्हणजे सिनेमाच्या अभ्यासाच्या, पदव्युत्तर पदवीसाठी कोलकात्याचं जादवपूर विद्यापीठ (तिथला फिल्म स्टडीज विभाग १९९३ पासूनचा) आणि दिल्लीचं जेएनयू ही ठळक नावं. एमएची दोन वर्षं. पण दिवसभर सिनेमेच पाहायला मिळतील या आशेने जाऊ नका. इतिहास आणि सिद्धांत वाचायचे, निबंध लिहायचे, आणि तेही बहुतेक इंग्रजीतून. प्राध्यापकी, संशोधन किंवा गंभीर समीक्षा करायची असेल तर याला पर्याय नाही. नुसत्या आवडीपोटी दोन वर्षं घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुण्यातलं उन्हाळ्यातलं रसास्वाद शिबिर, म्हणजे सिनेमा बारकाईने पाहायला शिकवणारा महिनाभराचा वर्ग, मात्र आवडीपोटीच करायचं. फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांनी मिळून ते रुजवलं. इन्स्टिट्यूटचे प्राध्यापक सतीश बहादुर आणि संग्रहालयाचे पी. के. नायर यांच्या शिकवण्यातून कित्येक पिढ्यांची नजर घडली. इथे तोच प्रसंग पुन्हा पाहतात, थांबवतात, आवाज बंद करून पाहतात. ‘संत तुकाराम’ (१९३६) घ्या. आजारी मुलाला घेऊन जिजाई देवळात शिरते आणि विठोबावर चप्पल उगारते. पहिल्यांदा पाहताना आपण तिच्या रागातच वाहून जातो. दुसऱ्यांदा पाहताना कॅमेरा कुठे आहे, कधी जवळ जातो, मूर्ती कधी दिसते हे ध्यानात येतं, आणि तो राग आपल्यापर्यंत पोचवला कसा ते कळतं. शिवाय हा सिनेमा जिथे घडला त्या प्रभात स्टुडिओच्याच आवारात आज इन्स्टिट्यूट आहे. ज्यांना महिनाभर सुट्टी काढता येत नाही त्यांनी एफटीआयआयच्या छोट्या आणि ऑनलाइन रसास्वाद वर्गांवर लक्ष ठेवावं. मात्र अंधारात शेजारी बसून पाहणं आणि नंतर चहावर तावातावाने भांडणं ऑनलाइन मिळत नाही.

राहिला कॉलेजचा फिल्म क्लब. खर्च जवळपास शून्य. हॉलमध्ये आवाज घुमतो, पडदे ओढले तरी फटीतून ऊन येतं, तरीही सवय लागते ती इथेच. मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून आहे. असल्या फिल्म सोसायट्यांनी आपल्याकडे प्रेक्षक घडवला तो दाखवून आणि बोलतं करून. बहुतेक क्लब मार खातात तो चर्चेत: सिनेमा संपला की निम्मा हॉल रिकामा. म्हणून सदस्य होण्याआधी एकदा शेवटपर्यंत थांबून बघा. लोक ‘आवडला’, ‘नाही आवडला’ यापुढे जात असतील तर तो क्लब सोडू नका. तुमच्या कॉलेजात क्लब नसेल तर चार जणांत सुरू करा. दाखवण्याची परवानगी मात्र रीतसर घ्या.

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्याला मी सांगेन: वर्षभर क्लब, मग उन्हाळ्यात शिबिर. एमएचा अर्ज भरण्याआधी कुठल्याही एका प्रसंगावर दोन पानं लिहून काढा. लिहिताना तो प्रसंग पुन्हा पुन्हा लावून पाहावासा वाटला आणि दोन पानांत मावेना, तर अर्ज जरूर भरा.