टंगस्टन सांगून गळ्यात मारलेलं शिसं

फ्लाय, म्हणजे गळावर केस-पिसं दोऱ्याने बांधून केलेलं मासेमारीचं नकली आमिष, बांधायचं सामान ऑनलाइन मागवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय, विशेषतः अमेरिकेत येऊन या छंदाला लागलेल्या आपल्या मंडळींसाठी. 'टंगस्टन, शिसेमुक्त' असं ठळक लिहिलेले डंबेल डोळे (फ्लायला वजन देणारे, डंबेलच्या आकाराचे धातूचे डोळे) मी एका ऑनलाइन दुकानातून घेतले, टंगस्टनचाच भाव मोजून. हाती आलं रंग चढवलेलं शिसं.

हे डोळे लावतात ती क्लाउजर मिनो नावाची फ्लाय कधी बांधली नसेल तर यात एवढं काय, असं वाटेल. पेनसिल्व्हेनियाच्या बॉब क्लाउजर यांनी १९८७ मध्ये सस्क्वेहाना नदीतल्या स्मॉलमाउथ बास या माशासाठी ही फ्लाय तयार केली. सगळी करामत त्या दोन डोळ्यांच्या वजनात आहे. डोळे गळाच्या दांड्याच्या ज्या बाजूला बांधतो ती बाजू पाण्यात खाली जाते, म्हणून गळाचं टोक वर राहतं आणि तळाच्या दगडांत अडकत नाही. दोरी ओढली की फ्लाय पुढे सरकते, ढील दिली की डोकं खाली घालून बुडते. बास काय, ट्राउट काय, बरेचदा त्या बुडण्याच्या क्षणीच झडप घालतात.

मूळ फ्लाय शिशाच्या डोळ्यांचीच. पण टंगस्टनची घनता (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) १९.३, शिशाची ११.३ आणि पितळेची साधारण ८.५. म्हणजे डोळा लहान ठेवूनही फ्लाय झटकन खोल जाते. म्हणूनच टंगस्टन महाग असतं, आणि म्हणूनच त्यात भेसळखोरांना वाव मिळतो.

लबाडी बांधताना उघडी पडली. डोळ्यांवरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे दोऱ्याचे आडवे वेढे आवळत होतो. डोळ्यांमधल्या कमरेवरचा रंग निघाला, धातूत दोरा रुतला आणि बोटांना करडा डाग लागला. टंगस्टन इतकं कठीण, की दोरा काय, चाकूनेही सहजी ओरखडा उठत नाही.

पैसे गेले त्यापेक्षा मला दुसऱ्या गोष्टीचा संताप आहे. हे डोळे मी मुद्दाम शिसेमुक्त म्हणून घेतले होते. लून हा पाणपक्षी अन्न दळायला खडे गिळतो, त्यांच्यासोबत शिशाची वजनं पोटात जातात. दोरी तुटून गळ आणि वजन अंगात राहिलेला मासा खाल्ला तरी तेच. शिशाचा एक तुकडासुद्धा त्याचा जीव घेऊ शकतो. न्यू हॅम्पशायरमध्ये एक औंसापर्यंतचे शिशाचे सिंकर (दोरी बुडवायची वजनं) आणि जिग (वजन जडवलेले गळ) वापरायला बंदी आहे ती यासाठीच. येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातही मासेमारीत शिसं चालत नाही. विश्वासाने 'शिसेमुक्त' विकत घेणाऱ्याच्या हातून हा विक्रेता नकळत विष पाण्यात टाकवतो.

तक्रार केल्यावर उत्तर आलं, की पानाच्या तळाशी 'टंगस्टन रंग' असं लिहिलेलं आहे. खरंच होतं, बारीक अक्षरात. मग थोडे पैसे परत देतो, तक्रार मागे घ्या, असा आग्रह सुरू झाला. असली तडजोड अजिबात करू नका, कारण तक्रार एकदा मिटवली की पुढे दाद मागायला सहसा जागा उरत नाही. मी क्रेडिट कार्डाच्या बँकेकडे फोटोंसकट वाद नोंदवला आणि पूर्ण रक्कम परत मिळाली. कार्डाऐवजी थेट पैसे पाठवले असते तर मिळाली नसती.

पाकीट आल्या आल्या एक डोळा बाहेर काढून त्याचा रंग खरवडा. आतला धातू कागदावर घासा: करडी रेघ उमटली आणि नख रुतलं तर शिसं, पिवळी झाक दिसली तर पितळ. शिशाला हात लावला तर साबणाने धुवा. दागिने तोलायचा छोटा वजनकाटा असेल तर उत्तम. मिश्रधातूमुळे टंगस्टनचे डोळे शुद्ध टंगस्टनपेक्षा थोडे हलके भरतात, तरी त्याच मापाच्या पितळी डोळ्यांच्या दुपटीच्या आसपास भरायलाच हवेत. मागवण्याआधी एका नगाचं वजन विचारा. मी नंतर दोन-तीन दुकानांना विचारलं. चांगल्या दुकानांनी लगेच सांगितलं.

त्या दुकानाचं पान आता बंद आहे. पण तोच फोटो आणि तोच मजकूर दुसऱ्या नावाखाली पुन्हा विक्रीला लागलेला मी पाहिला आहे, तळाशी तीच बारीक ओळ घेऊन.