तयार गेमिंग संगणक: आज घ्यावा की नव्या ग्राफिक्स कार्डासाठी थांबावे?

साधारण दर दोन वर्षांनी हा प्रश्न नव्याने उभा राहतो. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचे चित्र घडवणारा संगणकाचा भाग, बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीची आरटीएक्स ३० मालिका सप्टेंबर २०२०मध्ये आली, ४० मालिका ऑक्टोबर २०२२मध्ये आणि ५० मालिका जानेवारी २०२५मध्ये. त्यामुळे जुन्या पिढीच्या अखेरच्या सहा महिन्यांत जो कोणी तयार, म्हणजे कंपनीने किंवा दुकानदाराने जुळवून दिलेला, संगणक घ्यायला निघतो, त्याला ‘थोडे थांब, नवे येते आहे’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मात्र थांबायचे म्हणजे किती थांबायचे, हे बहुधा कोणी सांगत नाही, आणि निर्णय तर त्यावरच अवलंबून असतो.

नवी पिढी एकदम बाजारात येत नाही, ती वरून खाली, म्हणजे महागड्या कार्डांपासून स्वस्त कार्डांकडे उतरते. ३० जानेवारी २०२५ रोजी विक्रीस आलेली ५० मालिकेतील पहिली कार्डे होती १,९९९ डॉलरचे ५०९० आणि ९९९ डॉलरचे ५०८०. त्यानंतर फेब्रुवारीत ५०७० टीआय, मार्चमध्ये ५०७०, एप्रिलमध्ये ५०६० टीआय आणि मे महिन्यात २९९ डॉलरचे ५०६० आले. त्याआधीच्या पिढीत हे अंतर आणखी मोठे होते: ४०९० ऑक्टोबर २०२२मध्ये आले, तर ४०६० यायला जून २०२३ची अखेर उजाडली. म्हणजे महागडा संगणक घेणाऱ्याची प्रतीक्षा काही आठवड्यांची असते आणि मध्यम किमतीचा घेणाऱ्याची चार ते आठ महिन्यांची. थांबण्याचा सल्ला देणारे या दोघांना एकाच मापाने मोजतात, हीच त्यातली खोट आहे.

थांबल्याने हाती काय लागते, तेही प्रत्येक पिढीत सारखे नसते. २०२०मध्ये ६९९ डॉलरचे ३०८० हे आधीच्या पिढीतील त्याहून कितीतरी महाग असलेल्या २०८० टीआयला मागे टाकत होते, त्यामुळे कागदावर थांबणाऱ्याचा मोठा लाभ होता. प्रत्यक्षात टाळेबंदीतील मागणी, चिपचा तुटवडा आणि इथेरियमचे मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर गणिते करून हे आभासी चलन कमावणे) यांमुळे जाहीर किंमत म्हणजे बोलाचीच कढी ठरली. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमने कार्डांवर चालणारी पद्धत सोडली, तोवर त्या पिढीचे आयुष्य जवळजवळ संपले होते. याउलट २०२५मध्ये ५०८० जाहीर झाले ते वर्षभरापूर्वीच्या ४०८० सुपरच्याच किमतीला, ९९९ डॉलरला, आणि वेगातील वाढ बहुतेक खेळांत दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास राहिली. तेवढ्यासाठी अर्धे वर्ष जुन्या यंत्रावर काढणे मला पटत नाही.

तयार संगणकाच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. तुटवड्याच्या काळात सुटे कार्ड मिळत नसले, तरी संगणक बनवणाऱ्या कंपन्यांना त्यांचा वाटा मिळत राहतो, म्हणूनच २०२०-२१मध्ये अनेकांनी केवळ कार्डासाठी अख्खा संगणक विकत घेतला. ज्याला नव्या पिढीचे वरचे कार्डच हवे आहे आणि तारीख जाहीर झाली आहे, त्याने थांबणे योग्य, आणि त्याच्यासाठी तयार संगणक हा सुट्या कार्डामागे धावण्यापेक्षा शहाणपणाचा मार्ग आहे.

‘नवे आले की जुने स्वस्त होईल’ हा दुसरा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. २०२२च्या मध्यापासून ३० मालिकेच्या किमती खरोखरच उतरल्या, पण त्यामागे मायनिंगची ओसरलेली मागणी आणि दुकानांत साचलेला माल होता. ४०९०च्या बाबतीत उलट घडले: नवी पिढी येण्याआधीच ते दुर्मीळ झाले आणि मूळ किमतीपेक्षा महाग विकले गेले. शिवाय तयार संगणकात कार्ड हा एकच भाग असतो. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले, तेव्हा कार्ड स्वस्त होण्याची वाट पाहणाऱ्याने कार्डावर वाचवलेले पैसे रॅमवर घालवण्याची वेळ आली.

सॉफ्टवेअरमुळे मागे पडण्याची भीतीही तपासून घ्यावी. डीएलएसएस ४ या एनव्हिडियाच्या, खेळातील चित्र एआयने सुधारणाऱ्या सॉफ्टवेअरमधील चित्र अधिक स्पष्ट करणारे नवे एआय मॉडेल जुन्या आरटीएक्स कार्डांवरही चालते, फक्त एका फ्रेममागे, म्हणजे खेळातील एका चित्रामागे, अनेक कृत्रिम फ्रेम तयार करण्याची सोय ५० मालिकेपुरती राखली आहे. एनव्हिडियाची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडीने मात्र त्याच कामाचे एफएसआर ४ आणताना ते आपल्या ९००० मालिकेपुरतेच ठेवले, म्हणून एएमडीचे जुने कार्ड असलेला संगणक घेताना सवलत तशीच घसघशीत असावी.

मध्यम किमतीच्या ग्राहकाला मी तिसरा मार्ग सुचवेन: आज साधे कार्ड असलेला, पण बाकी अंगाने भक्कम संगणक घ्यावा आणि कार्ड पुढे बदलावे. येथे सारे काही पॉवर सप्लायवर, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या भागावर, ठरते. ५०६०ला १४५ वॉट लागतात, ५०७०ला २५० आणि ५०८०ला ३६०. ५०७०साठी एनव्हिडिया ६५० वॉटचा पॉवर सप्लाय सुचवते, तर ५०८०साठी ८५० वॉटचा. काही मोठ्या कंपन्यांच्या संगणकांत मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय खास त्यांच्याच घडणीचे असतात, त्यांत बाजारातला दुसरा बसतच नाही, आणि कार्ड बदलल्यावर वॉरंटीचे काय होते हेही कंपनीगणिक वेगळे असते. हे आधी विचारून घ्यावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराकडून जुळवून घेतलेल्या संगणकात ही अडचण सहसा येत नाही, मात्र तेथे प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी सांभाळावी लागते. आणखी एक, वरच्या डॉलरमधल्या किमतींत कर धरलेला नाही, आपल्याकडे त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो.

आज घ्या किंवा थांबून घ्या, संगणकाच्या जाहिरातीतील कार्डाच्या नावापाशी थांबू नका. ५०६० टीआय ८ जीबी मेमरीतही मिळते आणि १६ जीबी मेमरीतही, जाहीर किमतीत फरक केवळ ५० डॉलरचा, पण नव्या जड खेळांत ८ जीबी लवकर अपुरे पडते. तयार संगणकाच्या पाटीवर हा आकडा अनेकदा गाळलेला असतो, तेव्हा तो विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्यावा.