आर: लूपमधले आकडे साठवायला कशी आहे?

फुकट मिळणाऱ्या वस्तूला नावं ठेवू नयेत, असा आपल्याकडे एक संकोच असतो. आर (R) ही संख्याशास्त्राची फुकट संगणकभाषा वापरणाऱ्यांमध्ये तो जरा जास्तच दिसतो. मी शेती आणि जीवशास्त्रातल्या पीएचडीवाल्यांना संख्याशास्त्रीय विश्लेषण शिकवते. ही भाषा रोज उघडावी लागते, आणि रोज हाताळायच्या वस्तूबद्दल बोलताना मला संकोच वाटत नाही. आलेख, पॅकेजेस, आरस्टुडिओ यांवर लोकांनी भरपूर लिहिलं आहे, ते सोडून देते. मी एकाच कामापुरतं लिहिणार आहे: एखादं गणित हजारदा फिरवायचं (यालाच लूप म्हणतात) आणि दर फेरीचा निकाल मॅट्रिक्समध्ये, म्हणजे ओळी-रकान्यांच्या तक्त्यात, जमा करायचा. ऐकायला किरकोळ काम आहे. प्रबंध अडतात ते नेमके इथेच.

आरची जुजबी ओळख आधी. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ती नव्वदच्या दशकात सुरू केली. मुळं त्याआधीच्या, बेल लॅब्जमधल्या एस या भाषेत. पहिली पूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ला आली. किंमत शून्य, परवाना मुक्त, आणि साध्या लॅपटॉपवरही चालते.

आता परीक्षा. मी नेहमी एमटीकार्स हा डेटा घेते, कारण तो आरसोबतच येतो. १९७४ च्या मोटर ट्रेंड या अमेरिकी मासिकातून घेतलेल्या ३२ गाड्या आणि ११ रकाने. मायलेज वजनावर बसवलं, म्हणजे वजनावरून मायलेज सांगणारी सरळ रेषा काढली, की छेद (वजन शून्य धरल्यावरचा आकडा) ३७.२९ आणि उतार उणे ५.३४ येतो. म्हणजे गाडी हजार पौंडांनी जड झाली की गॅलनमागे सव्वापाच-साडेपाच मैल कमी. उताराची प्रमाण त्रुटी (अंदाज किती डळमळू शकतो त्याचं माप) ०.५६ आहे, पण ती सूत्रातून आलेली. ब्रॅडली एफ्रनने १९७९ साली मांडलेल्या बूटस्ट्रॅपने ती पडताळायची, तर ३२ गाड्यांतूनच पुन्हा ३२ उचलायच्या, उचललेली गाडी परत टाकून. मग मॉडेल पुन्हा बसवायचं, हे हजार वेळा, आणि त्या हजार उतारांचा पसारा बघायचा.

सरळ मार्ग असा. लूपच्या आधी हजार ओळी आणि दोन रकान्यांचं मॅट्रिक्स तयार करायचं, सगळीकडे एनए (NA, म्हणजे ‘आकडा नाही’) भरून. मग आय (i) क्रमांकाच्या फेरीचे दोन आकडे, छेद आणि उतार, आय क्रमांकाच्या ओळीत ठेवायचे. एनए मुद्दाम म्हणते. बरेच जण शून्य भरतात. एखादी फेरी मधेच पडली तर ते शून्य तिथेच राहतं आणि सरासरीत गुपचूप मिसळतं. एनए राहिलं तर सरासरीच एनए येते आणि माणूस शोधायला लागतो.

इथे आर मला मनापासून आवडते. व्हेक्टर (आकड्यांची एकच रांग) दहा जागांचा असेल आणि तुम्ही अकराव्या जागी आकडा ठेवलात, तर ती व्हेक्टर वाढवून मोकळी होते, तक्रार करत नाही. मॅट्रिक्समध्ये हजारापुढे एक हजार एकावी ओळ भरायला गेलात की ‘सबस्क्रिप्ट आउट ऑफ बाउंड्स’ म्हणून जागीच थांबते. आकार आधी सांगितला की तो पाळला जातो. लूप लिहिणाऱ्याला दुसरं काय हवं असतं?

विद्यार्थी मात्र हे करत नाहीत. त्यांचा लाडका मार्ग म्हणजे रिकामी वस्तू घ्यायची आणि दर फेरीला आर बाइंडने (rbind) खाली एक ओळ चिकटवायची. यावर सगळीकडे एकच आक्षेप ऐकू येतो, की हे हळू चालतं. खरं आहे. दर वेळी आधीच्या सगळ्या ओळी नव्याने उतरवल्या जातात. दहा हजार फेऱ्यांना मिळून ओळींची उतरवणी पाच कोटींवर जाते. २०१७ च्या ३.४.० आवृत्तीत वाढत्या व्हेक्टरचं ओझं कमी झालं, आर बाइंडचं नाही. तरी वेगाचा हा मुद्दा मला थोडा फुगवलेला वाटतो. हजार फेऱ्यांत वेळ खातं ते मॉडेल बसवणं. चिकटवाचिकटवीचा उशीर चहा घेईपर्यंत कळतही नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. त्यासाठी मॉडेलमध्ये कार्ब्युरेटरची संख्या गट म्हणून घाला. एमटीकार्समध्ये ती १, २, ३, ४, ६ आणि ८ अशी आहे. सहावाली एकच गाडी, फेरारी डिनो. आठवाली एकच, मासेराटी बोरा. मॉडेलमध्ये आता सात गुणांक झाले: छेद, वजन आणि पाच गट, कारण पहिला गट पाया म्हणून जातो. बूटस्ट्रॅपच्या एका फेरीत मासेराटी अजिबात न येण्याची शक्यता एकतीस भागिले बत्तीसचा बत्तिसावा घात, म्हणजे ३६ टक्के. फेरारीचंही तेच. दोघींपैकी निदान एक गैरहजर असलेल्या फेऱ्या साठ टक्क्यांच्या घरात जातात. त्या फेऱ्यांत सातऐवजी सहसा सहा किंवा पाचच गुणांक हाती येतात. आधीच फॅक्टर (गटांचा रकाना) करून सगळ्या पातळ्या, म्हणजे सगळे गट, बांधून ठेवल्या तरी सुटका नाही, मॉडेल बसवणारी एलएम (lm) न वापरलेल्या पातळ्या स्वतःच गाळते.

आता एकच लूप तीन तऱ्हांनी चालवून बघा.

आर बाइंड वापरलं आणि पहिल्या फेरीत सातही गुणांक आले होते असं धरू. पुढच्या एखाद्या फेरीत मासेराटी गायब आहे आणि सहाच आकडे आलेत. आर ते सहा आकडे ठेवते आणि सातवी जागा भरायला पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरू करते. म्हणजे मासेराटीच्या रकान्यात छेद जाऊन बसतो. फेरारी गायब असेल तर आणखी गंमत: मासेराटीचा गुणांक फेरारीच्या रकान्यात आणि छेद मासेराटीच्या. रकान्यांची नावं जशीच्या तशी, ओळी पूर्ण भरलेल्या, एनए कुठेही नाही. इशारा मिळतो, पण लूप संपल्यावर, ‘पन्नास किंवा अधिक वॉर्निंग्ज’ अशा एका ओळीत. ती ओळ वाचणारा विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे. “मॅडम, एरर नाही आली, नुसती वॉर्निंग आहे,” हे वाक्य मात्र दर बॅचला ऐकते.

एस अप्लाय (sapply) ही फेऱ्या फिरवून निकाल आपणच गोळा करणारी आज्ञा वापरली तर ती सगळ्या फेऱ्यांची लांबी सारखी असेल तेव्हा मॅट्रिक्स देते, तेही आडवं, दर फेरी रकान्यात. लांबी सारखी नसेल तेव्हा मुकाट्याने लिस्ट देते. त्याच कोडला आज मॅट्रिक्स, उद्या वेगळ्या सीडला (यदृच्छ निवड जिथून सुरू होते तो आकडा) लिस्ट. मी हिला पाचपैकी दीड स्टार देते, तोही लिहायला सोपी आहे म्हणून. तिची थोरली बहीण व्ही अप्लाय (vapply) दर फेरीला सात आकडे हवेत हे आधी विचारून घेते आणि सहा आले की थांबते. तिला साडेचार.

आणि आधी तयार केलेलं सात रकान्यांचं मॅट्रिक्स? सहा आकडे सात जागांत बसत नाहीत म्हणून ते त्याच फेरीत थांबतं. आयची किंमत बघायची, ती फेरी उघडायची, मासेराटी नाही हे दिसतं. दहा मिनिटांचं काम.

पण या मॅट्रिक्सचीही एक खोड आहे, ती लपवत नाही. चार रकान्यांच्या ओळीत दोन आकडे घातले तर आर ओरडत नाही, कारण चाराला दोनने भाग जातो. दोन गुणांक आणि त्यांच्या दोन प्रमाण त्रुटी अशी चार जागांची ओळ केली आणि चुकून नुसते गुणांक पाठवले, तर त्रुटींच्या जागीही तेच गुणांक पुन्हा बसतात. वरच्या उदाहरणात उणे ५.३४ ही प्रमाण त्रुटी म्हणून दिसेल, आणि ती उणे आहे म्हणूनच पकडली जाईल. उतार धन असता तर?

यावर उपाय म्हणजे रकान्यांना नावं द्यायची आणि भरताना जागेच्या क्रमाने न भरता गुणांकांच्या नावाने भरायचं. जो गुणांक आला तो आपल्या रकान्यात जातो, जो आला नाही तिथे एनए राहतं. शेवटी रकान्यागणिक एनए मोजले की मासेराटीच्या रकान्यात साडेतीनशेच्या आसपास दिसतील. मग खरा प्रश्न समोर येतो: एकाच गाडीचा गट मॉडेलमध्ये ठेवायचाच कशाला? ते मार्गदर्शकाशी भांडायचं काम आहे, आरचं नव्हे. सोबत ऑप्शन्समध्ये वॉर्न दोनवर ठेवा, options(warn = 2). मग प्रत्येक वॉर्निंगची एरर होते आणि आर बाइंडवालेसुद्धा जागे होतात.

बाकी लहानसहान. मॅट्रिक्समध्ये एकाच जातीचा माल राहतो. ओळीत मॉडेलचं नाव घातलंत की सगळे आकडे अक्षरं होतात, तेव्हा मिश्र मालाला डेटा फ्रेम घ्या. गाळणी लावून एकच ओळ उरली तर मॅट्रिक्सचा व्हेक्टर होतो आणि रकान्यांच्या सरासऱ्या काढणारी पुढची कॉलमीन्स (colMeans) अडते. गाळताना ड्रॉप फॉल्स (drop = FALSE) लिहायची सवय ठेवा. मेमरीची काळजी नको: दहा हजार ओळी आणि सात रकाने म्हणजे साडेपाच लाख बाइट, मोबाइलवरच्या एका फोटोहून कमी. जुन्या प्रबंधातले आकडे पुन्हा काढताना सीड तोच असूनही वेगळे आले तर आवृत्ती बघा. २०१९ च्या ३.६.० पासून सॅम्पल (sample) या आज्ञेची नमुना उचलण्याची रीत बदलली आहे. आणि रकान्यांची नावं देवनागरीत द्यायची हौस असेल तर ४.२.० नंतर विंडोजवरही ती नीट उमटतात. मी ‘छेद’ आणि ‘वजन’ अशीच देते.

साध्या बूटस्ट्रॅपसाठी खरं तर लूप लिहूच नका, आरबरोबर येणारं बूट पॅकेज आहे. तेही आतून फेऱ्यांइतक्या ओळींचं मॅट्रिक्स आधी करतं आणि मग भरतं, म्हणून त्यावर माझा भरवसा आहे. हाताने लूप लिहायचा तो सिम्युलेशनला (बनावट डेटा तयार करून पद्धत तपासायला), जिथे नमुन्याचा आकार २०, ५०, १०० असा बदलत न्यायचा असतो. तिथे मॅट्रिक्सऐवजी तीन मितींचा ॲरे करा: फेऱ्या, गुणांक आणि नमुन्याचे आकार. तिन्ही बाजूंना नावं द्या आणि भरून झाला की लगेच सेव्ह आरडीएसने (saveRDS) फाइलीत टाका. रात्रभर चाललेला लूप सकाळी वीज गेल्यावर पुन्हा लावायला कोणालाच आवडत नाही.