युनिव्हर्सचा डेटा नव्या अ‍ॅपला जोडायचा: ओडीबीसी की युनिऑब्जेक्ट्स?

सातपूरच्या कारखान्यात ऑर्डरी आजही युनिव्हर्स या डेटाबेसमध्ये आहेत, मालकांना मात्र मोबाइलवर स्टॉक हवाय. अशा वेळी कोणता मार्ग धरायचा: एसक्यूएल या क्वेरीच्या भाषेतून डेटा टेबलासारखा देणारा ओडीबीसी, की प्रोग्राममधून थेट रेकॉर्ड हाताळू देणारं युनिऑब्जेक्ट्स?

मेहनत. ओडीबीसीला कोड जवळजवळ लागत नाही, पण खरी मेहनत डिक्शनरीत, म्हणजे फाइलमधल्या रकान्यांच्या वर्णनात, जाते. युनिव्हर्सच्या एचएस.अ‍ॅडमिन या कमांडमधून अकाउंट ओडीबीसीला खुलं करायचं, मग फाइलींची माहिती ताजी करणारं एचएस.अपडेट.फाइलइन्फो चालवायचं. एका ऑर्डरीतल्या पाच वस्तू एकाच रेकॉर्डमध्ये व्हॅल्यू मार्क या खास चिन्हाने (कॅरेक्टर क्रमांक 253) तोडलेल्या असतात. वस्तू, नग आणि दर यांचं असोसिएशन (हे रकाने जोडीने चालतात ही नोंद) डिक्शनरीत नीट नसेल, तर कुठला दर कुठल्या वस्तूचा हे एसक्यूएलला कळणारच नाही. अंकाच्या रकान्यात कुणी ‘नंतर’ असं लिहून ठेवलं असेल, तर तिथेही गाडी अडते, आधी असा डेटा शोधणारं एचएस.स्क्रब चालवा.

युनिऑब्जेक्ट्समध्ये जावा किंवा डॉटनेटचा कोड लिहावा लागतो आणि रेकॉर्ड कच्चा, म्हणजे साठवलेल्या रूपातच येतो. तारीख दिवसांच्या आकड्यात असते: 11689 म्हणजे 1 जानेवारी 2000, कारण शून्य दिवस 31 डिसेंबर 1967. रुपयांचा दशांशही आपणच बसवायचा.

डेटा लिहिणं. इथे युनिऑब्जेक्ट्सच. जुनी बेसिक सबरूटीन (युनिव्हर्समध्ये आधीच लिहिलेला प्रोग्रामचा तुकडा) थेट बोलावता येते, त्यामुळे तपासण्या आणि लॉक शाबूत राहतात. ओडीबीसीने थेट अपडेट केलं की त्या सबरूटीनमधले नियम वगळले जातात.

फायरवॉलमध्ये दोन्हींना 31438 पोर्ट लागतो. तो इंटरनेटवर उघडू नका.

एक्सेल आणि रिपोर्टपुरतं काम असेल तर ओडीबीसी, तेही फक्त वाचण्याच्या हक्काने. अ‍ॅपमधून ऑर्डर घ्यायची असेल तर युनिऑब्जेक्ट्स.