ई-कोर्ट्स अ‍ॅप: तारीख कळते, मुदत मोजावी लागते

न्यायालयांच्या या अ‍ॅपमध्ये सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक टाका, मधल्या रेघा वगळून; पुढची तारीख, टप्पा आणि आधीच्या तारखांची जंत्री समोर येते. दावा ‘माय केसेस’मध्ये साठवून ठेवावा. यादी फोनमध्येच राहते, म्हणून फोन बदलण्याआधी एक्सपोर्ट करून घ्या.

खरी उणीव मुदतीची. 1 जुलै 2002 पासून लागू झालेल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या दुरुस्तीने दिवाणी दाव्यात कैफियतीला, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराला, समन्स बजावल्यापासून 30 दिवस, सबळ कारण असल्यास 90 दिवस दिले. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कैलास विरुद्ध नान्हकू खटल्यात ही मुदत मार्गदर्शक, म्हणजे सक्तीची नाही, असं ठरवलं आणि ‘अपवाद’ हाच शिरस्ता झाला. वाणिज्य दाव्यात मात्र 120 दिवसांनंतर कैफियतीचा हक्कच जातो. अ‍ॅप यातला एकही दिवस मोजत नाही. समन्स हाती पडल्याची तारीख स्वतः टिपून ठेवा.

तहकुबी तीनपेक्षा जास्त नको, हाही त्याच सुधारणांचा नियम. तो किती पाळला गेला, ते तारखांच्या जंत्रीत उघडं पडतं. अ‍ॅपचा सर्वात बोलका भाग तोच! सरतपासणी (साक्षीदाराची त्याच्याच बाजूने होणारी तपासणी) प्रतिज्ञापत्रावर आली, त्यातला वेळ वाचला. उलटतपासणी आहे तिथेच.

तारखेसाठी उत्तम. प्रमाणित नकलेसाठी अर्ज करावाच लागतो.