सोप्रानो भाची: ऑपेरा की कॉन्सर्ट?

भाची सोप्रानो, म्हणजे बायकांच्या सर्वांत उंच पट्टीत गाणारी. तिने ऑपेरा (गाऊन सादर होणारं पाश्चात्त्य नाटक) करावा की अभिनयाविना नुसतं गायची कॉन्सर्ट? भरीत-पुरीच्या पंगतीतही जळगावात आमच्याकडे वाद हाच. ऑपेरात सहसा माइक नाही. अख्ख्या ऑर्केस्ट्रावरून आवाज शेवटच्या रांगेत पोचवायचा. तोही भारी पोशाखात, अभिनय करत, इटालियन नाहीतर जर्मन तोंडपाठ! आपल्या जुन्या संगीत नाटकवाल्यांची छाती हवी. तालमी आठवडेच्या आठवडे. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस २०१६ला पुन्हा उघडलं, पण पूर्ण ऑपेरा तिथे क्वचितच. म्हणजे मुक्काम युरोपातच.

कॉन्सर्टला तालमी मोजक्या. संगीतकार हॅन्डेलच्या 'मसाया' या धार्मिक गायनरचनेत स्वरलिपी हातात धरून उभं राहायचं. मात्र आडोसा नाही. श्वास चुकला की सगळ्यांना कळतं.

माझं मत कॉन्सर्टकडे. जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरांतल्या जड भूमिका कोवळ्या गळ्याला झेपत नाहीत. ताई मात्र म्हणते, "पोषाखात फोटो छान येतील."